खोबरेल की डिकोडर

भावजी, आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं. माझ्या सुनंदाच्या सासूबाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, "शेवटी काय म्हणाले हो?" मी सांगितलं, "इंजिनाबद्दल बोलले." त्यांना वाटलं दुःखाने माझं डोकं फिरलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. पण खरं तेच होतं. तुम्ही म्हणालात, "वयनी, डिकोडरच खराब झालो हा. तेलाचा नाव काढू नकात." आणि मी म्हणाले, "तुमच्या खोबरेलाने मारलं इंजिन. जा, पडा जाऊन." तुम्ही जाऊन पडलात. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही गेलेले होतात. चहा मी मोरीत ओतला.

त्या दिवशी सकाळीच आपण तुमच्या छोट्या आगगाडीचं इंजिन उघडलं होतं. तुमचे हात कापायचे, म्हणून स्क्रू मी काढायचे. मला बारीक दिसत नाही, म्हणून कुठला काढायचा ते तुम्ही सांगायचात. दोघांचं मिळून एक धड माणूस होत होतं. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल, टॉवेलवर इंजिन. काळं, वीतभर लांब, मागे कोळशाची गाडी जोडलेलं. स्क्रू ठेवायला मी मसाल्याच्या डब्यातली वाटी दिली, तर तुम्ही म्हणालात, "हळद नसलेली द्या."

"रोज पोटात जाते तेव्हा चालते?" मी म्हटलं.

"माझ्या पोटात डिकोडर नाय हा."

मग बॉयलरचं कवच वर उचललं. आत दातेरी चाकांवर खोबरेल गोठून बसलं होतं, पांढरं, तुपासारखं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात.

आपल्याकडे खोबरेल कशाला लावत नाहीत? केसांना, भाजलेल्या बोटाला, कुलपाला, शिवणयंत्राला, करकरणाऱ्या दाराला. तुम्ही गिरणीत फिटर होतात, कुठल्या यंत्राला कुठलं तेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण घरात आलात की तुमच्या आईची सवय. दुसऱ्या मजल्यावरचे किरीटभाई, ज्यांनी तुम्हाला या आगगाड्यांचा नाद लावला, त्यांनी खास तेलाची बाटली दिली होती, तोंडाला सुई असलेली. ती कपाटात पडून आणि तुमच्या हातात खोबरेलात बुडवलेली काडेपेटीची काडी. मी म्हणायचे, थंडीत गोठतं ते. तुम्ही म्हणायचात, मुंबईत कसली थंडी. बोरीवलीला जंगलाच्या कडेला राहून असं म्हणायचात. स्नानघरातली बाटली रोज सकाळी गरम पाण्यात बुडवून ठेवायची मी, मग तुम्ही त्यातलं तेल डोक्याला लावायचात, आणि वर हे.

डिकोडर म्हणजे काय ते तुम्हीच मला सांगितलं होतं. इंजिनाच्या पोटातली ती नखाएवढी हिरवी पाटी. मी विचारलं होतं, रुळांतून वीज जाते तर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम का पळत नाहीत? तुम्ही म्हणालात, चाळीत पोस्टमन खाली उभा राहून नाव पुकारायचा ना? हाक सगळ्यांना ऐकू जायची, पण ज्याचं नाव तोच खाली उतरायचा. डिकोडर हे इंजिनाचे कान. आपलं नाव आलं की तो मोटारीला सांगतो, ऊठ. इतकं छान समजावलंत की त्यानंतर मी त्याला खेळणं म्हणायचं सोडलं. तुमच्यासमोर तरी.

डिसेंबर उजाडला आणि इंजिन बिघडलं. हातभर जायचं, गचका द्यायचं, थांबायचं. पुढचा दिवा लुकलुकायचा. एकदा तर तुम्ही कंट्रोलरला हातही लावला नव्हता आणि ते सुसाट सुटलं, वळणावर उलटलं आणि माझ्या पायाशी पडलं. त्या दिवसापासून आपलं सुरू झालं.

"थंडी पडली आणि थांबलं. तेल गोठलं, दुसरं काय?"

"मगे गेल्या थंडीत कित्याक नाय थांबला?"

"गेल्या वर्षी तेल कमी घातलं असेल."

"तेलान इंजिन थांबात वयनी, पळात कसा?"

मी म्हटलं, "हट्टी आहे. मालकासारखं."

तुम्ही हसलात. पण नवीन डिकोडर मागवलात, किरीटभाईंना सांगून. तो यायच्या आत तुम्ही गेलात.

भावजी, आपण असे बसून भांडत होतो हे कुणाला कळत नाही. सुनंदा पहिलीत होती तेव्हा तिचे वडील, म्हणजे तुमचे दादा, गेले. तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ, त्याच खोलीत राहणारे. सगळ्यांना वाटलं तुम्ही वेगळी जागा बघाल. तुम्ही बघितली नाहीत. लालबागची खोली गेली, आपण बोरीवलीला आलो, आत मी आणि सुनंदा, बाहेर तुम्ही. सुनंदा लग्न होऊन गेल्यावर खालच्या मजल्यावरच्या एका बाईने जिन्यात मला अडवून विचारलं होतं, "दीर आणि भावजय दोघंच? कसं हो चालतं?" मी म्हटलं, "छान चालतं. तुमच्याकडे नवरा-बायको आहेत, पण भांडीकुंडी आपटल्याचा आवाज आमच्या घरापेक्षा जास्त येतो." तुम्हाला हे कुणीतरी सांगितलं. तुम्ही दोन दिवस माझ्याशी नजर चुकवून वागलात आणि तिसऱ्या दिवशी बांगडे घेऊन आलात. त्या विषयावर आपलं बोलणं झालं ते एवढंच.

लग्न करा म्हणून मी तुमच्या मागे लागले होते. कणकवलीची एक चांगली मुलगी सुचवली होती. तुम्ही "बगूया" म्हणालात. बगूया म्हणता म्हणता तुमचे केस पिकले. का केलं नाहीत ते मी विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर त्यावर मी काय बोलणार होते? सुनंदाची फी, तिचं बाळंतपण, माझा मोतीबिंदू, सगळ्याला तुम्ही होतात, "वयनी" म्हणत, "तुम्ही" म्हणत, दोन पावलं लांब उभे राहून. त्या दोन पावलांचे मी आभार मानते. आणि कधीकधी त्यांचा मला रागही यायचा. आता तुम्ही नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

दादा गेले तेव्हा बायका माझ्याजवळ पंधरा दिवस बसून होत्या. एकटं सोडायचं नाही म्हणून पाळ्या लावल्या होत्या. तुम्ही गेलात तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, "सुटलीस बाई. या वयात दिराचं किती करायचं?" एक म्हणाली, "आता मुलीकडे जाऊन आराम कर." मी त्यांना चहा दिला. नवरा गेला तर बाईला काय म्हणायचं ते लोकांना पाठ असतं. दीर गेला तर काय म्हणायचं ते कुणालाच येत नाही. मलाही येत नव्हतं. म्हणून मी कपबश्या विसळत राहिले आणि लोकांना वाटलं मला फारसं काही झालेलं नाही.

दहाव्याला मी घाटावर गेले. बायकांनी यायचं नसतं असं सुधीर म्हणाला. तुमचा गावचा पुतण्या, क्रियेला बसलेला. मी म्हटलं, "तू पिंड ठेव, मी कोपऱ्यात उभी राहते." पिंड ठेवला. कावळे होते, पुष्कळ होते, शेजारच्या पिंडांवर ताव मारत होते. आपल्याकडे एक यायचा, मान वाकडी करायचा आणि परत जायचा. मग सुरू झालं तुमची इच्छा शोधणं.

सुधीर म्हणाला, "काका, गावचं घर शाकारून घेतो." कावळा नाही आला.

सुनंदा हात जोडून म्हणाली, "काका, आईची काळजी करू नका. मी तिला मुलुंडला घेऊन जाते."

मी म्हटलं, "मी कुठे जाणार नाही. त्यांना खोटं सांगू नकोस."

"आई, आत्ता नको ना!"

किरीटभाई मागे उभे होते, पांढरी टोपी घालून. ते हळूच म्हणाले, "भाभी, इंजिनचं बोला ना. त्याचा जीव तिथेच आहे."

मी पुढे झाले. म्हटलं, "भावजी, इंजिन मी चालू करीन." कावळा जरा जवळ आला. त्याने पिंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्यांच्या जिलेबीकडे गेला.

सुनंदाने माझा दंड धरला. तिला आपलं भांडण माहीत होतं, मीच फोनवर सांगितलं होतं. ती कानाशी म्हणाली, "आई, म्हण ना की तुमचं खरं होतं. डिकोडरच खराब होता. एवढं म्हटल्याने काय जातंय तुझं?"

"मला कुठे माहीत आहे खराब होता की नाही?"

"अगं, ते गेलेत! त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळेल ना."

गुरुजी घड्याळ बघत होते. म्हणाले, "माई, वेळ होतोय. मनातलं काही असेल तर बोलून टाका." ऊन चढलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, जणू तुमची वाट मीच अडवून धरली आहे. भावजी, तेवढं एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण तुम्ही मला ओळखत होतात. मी खोटं "तुमचं खरं" म्हटलं असतं, तर सगळ्यांत आधी तुम्हीच म्हणाला असता, "वयनी, तपासल्यात काय?" मी नाही बोलले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येताना सुनंदा दुसऱ्या रिक्षात बसली.

तुमच्या तेराव्यानंतर डिकोडर आला. किरीटभाई स्वतः घेऊन वर आले, त्यांच्याच पत्त्यावर मागवला होता. पेढ्याच्या पुडीएवढं पाकीट. खुर्चीवर बसले आणि इंजिनाकडे बघत राहिले. पोट उघडं, वाटीत पिवळे झालेले स्क्रू, मी काहीच हलवलं नव्हतं. जेवायला मी ताट मांडीवर घेत होते.

"भाभी, मला द्या. तेल पण साफ करतो, नवा डिकोडर पण लावतो. खलास. अर्ध्या तासात चालेल."

"चालेल. पण मग कळणार कसं?"

"काय कळणार?"

"कशाने बिघडलं होतं ते. दोन्ही एकदम केलं तर कळणार नाही. भावजी म्हणायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

"आता कळून काय करायचं आहे भाभी?"

"तुम्हाला नाही. मला."

त्यांनी वाद घातला नाही. जुना डिकोडर चिमट्याने कसा उपसायचा ते दाखवलं. तो आठ पायांवर उभा असतो, सरळ वर ओढायचा, तिरका ओढला तर पाय मोडतात. त्या आठ भोकांतली मोटारीची दोन कुठली, ती दाखवली. तिथे चौकोनी बॅटरीच्या दोन वायरी लावायच्या. मोटार फिरली तर मोटार ठीक, चाकं ठीक, तेलाचा दोष नाही, म्हणजे डिकोडर वाईट. नाही फिरली तर खोबरेल. दोन्ही भोकांशी त्यांनी माझ्यासाठी टिकलीएवढे लाल ठिपके दिले, मला दिसावेत म्हणून.

जाता जाता दारात थांबून म्हणाले, "मी त्याला बोललो होतो, आवाजवाला डिकोडर घे. शिटी वाजते, छुकछुक करते, वाफ सोडते, एकदम झकास. तर बोलला, नको, वहिनी दुपारच्या झोपतात."

मी दार लावलं आणि आत जाऊन बसले.

भावजी, मी दुपारी झोपत नाही. कधीच झोपले नाही. भिंतीकडे तोंड करून आडवी होते एवढंच. पलीकडे तुम्ही भिंतीवरची रुळांची फळी खाली घ्यायचात, बिजागरी वाजायची, आणि मग रुळांवरून चाकांची घरघर. ती थांबली की मला कळायचं, आता तुम्ही चहासाठी घड्याळ बघताय. मग मी उठायचे. आवाजवाला घेतला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सकाळी लवकर बसले. ऊन आलं की तेल पातळ होतं आणि मग परीक्षा खोटी झाली असती. स्नानघरातली बाटली आधी बघून आले. पांढरी, घट्ट, बोट रुतत नव्हतं. इंजिनातही तसंच. म्हटलं, आता बघू.

एक गोष्ट तुम्हाला सांगते. आयुष्यभर मला भांडणात जिंकायला आवडलं. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, आपण हरावं. कारण माझं खरं निघालं असतं तर ज्या शब्दांवर तुम्ही जाऊन पडलात ते शब्द बरोबर ठरले असते. चुकीचे शब्द मागे घेता येतात. बरोबर शब्दांचं काय करायचं?

डिकोडर उपसला. वायरी लाल ठिपक्यांच्या भोकांत घातल्या आणि बॅटरीला टेकवल्या.

काही झालं नाही.

परत टेकवल्या. काही नाही. इंजिन टॉवेलवर कुशीवर पडलेलं, चाकं हवेत, मेलेल्या झुरळासारखं. मी हात मागे घेतला. म्हणजे तेलच. म्हणजे मी जिंकले. उठून पाणी प्यायले, खिडकीशी उभी राहिले. खाली वॉचमन कुणाची तरी गाडी पुसत होता. मग आठवलं, गेली कित्येक वर्षं तुम्ही मला काय सांगायचात. मिक्सर बंद पडला, इस्त्री बंद पडली, की पहिलं वाक्य हेच: आधी वायर नीट बसली हा काय बगा.

चष्मा पुसला. एक वायर भोकात नव्हतीच, शेजारी टेकली होती. मी ती काढून नीट आत दाबली.

मोटार गुरगुरली. चाकं जागची हलली, थांबली, परत हलली. खोबरेल दातांमधून पांढऱ्या शेवेसारखं बाहेर पडायला लागलं. आणि मग ती फिरायला लागली, आधी सावकाश, मग इतकी जोरात की टॉवेल हलायला लागला. तेल गोठलेलं असताना. माझ्या डोळ्यांसमोर.

पण तुमच्याच पद्धतीने अर्धी परीक्षा बाकी होती. किरीटभाईंना वर बोलावलं. तेलाला हात न लावता नवा डिकोडर आठ भोकांत बसवला, मीच बसवला, ते नुसते "सरळ, भाभी, सरळ" म्हणत होते. कवच चढवलं, पिवळे स्क्रू आवळले. फळी खाली घेतली. इंजिन रुळांवर ठेवलं. किरीटभाईंनी कंट्रोलरवर तीन नंबर लावला, नवीन डिकोडर कारखान्यातून त्याच नावाने येतो म्हणे. विचारलं, "तुमच्या भावजींचा जुना नंबर टाकून देऊ?" मी म्हटलं, "कशाला? हा नवीन आहे. त्याला त्याचं नाव असू दे."

त्यांनी बटण फिरवलं. इंजिन निघालं. गचका नाही, लुकलुक नाही. वळण घेतलं, खिडकीकडच्या बाजूने गेलं, परत आलं. गोठलेलं खोबरेल पोटात घेऊन.

मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "भावजी, तुमचं खरं होतं. डिकोडरच खराब होता."

किरीटभाईंनी वर बघितलं. "मला बोलते भाभी?"

"नाही."

मग मी थांबले. इतक्या वर्षांत माझं एक वाक्य तुम्ही उत्तराशिवाय सोडलं नाहीत. स्वयंपाकघरातून बोललेलंसुद्धा नाही. तेव्हा सवयीने थांबले. इंजिनाची एक फेरी झाली, दुसरी झाली. शेवटी किरीटभाईंनी ते बंद करायला हात पुढे केला.

मी म्हटलं, "असू दे."